विमा नसला की बिल कमी होतं?

प्रश्न : आम्ही दोघं (वय 66 आणि 62) सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलीकडे चाललो आहोत. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गेल्या वर्षी तिकडेच मुलाकडे होते. त्यांच्या पाठीवर गळू झालं, रात्री ताप भरला, म्हणून मुलाने त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे आधी पैसे भरा असं कोणीही म्हटलं नाही. गळू फाडलं, पट्टी बांधली आणि पहाटे घरी पाठवलं. नंतर 4,200 डॉलरचं बिल आलं. सुनेने फोन करून ‘विमा नाही’ एवढं सांगितलं, तर बिल 2,100 वर आलं! तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत की अमेरिकेचा विमा म्हणजे पैसे पाण्यात. विमा नसणाऱ्यालाच तिथे सूट मिळते. हे खरं आहे का? त्यांच्या बिलाचा फोटो सोबत पाठवत आहे. आणखी एक. मला उजव्या जांघेत हर्निया आहे. दुखत नाही, पण डॉक्टर म्हणतात सवडीने करून घ्या. तिकडे निवांत वेळ असेल, मुलगी जवळ असेल, तर तिकडेच उरकता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे शेजारी सांगतात ते घडलेलं आहे, आणि अमेरिकेत ते रोज घडतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तुम्ही घेऊ नका.

आधी पैसे का मागितले नाहीत, ते पाहू. तिथल्या खासगी हॉस्पिटलांमध्ये पूर्वी गरीब, विमा नसलेला पेशंट दारात आला की त्याला न तपासताच सरकारी हॉस्पिटलकडे पिटाळायची रीत होती. त्यावरून बराच गदारोळ झाला आणि 1986 साली ‘एम्टाला’ नावाचा केंद्रीय कायदा आला. सरकारच्या मेडिकेअर योजनेत सामील असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात कोणीही आला, तर त्याला तपासावंच लागतं आणि जिवाला धोका असेल तर प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करावेच लागतात. पैसे आहेत का, विमा आहे का, नागरिक आहे का, या चौकशीपायी उपचार थांबवता येत नाहीत. जवळपास सगळी मोठी हॉस्पिटलं मेडिकेअरमध्ये असल्यामुळे हा कायदा सगळीकडे लागू आहे असंच समजा.

पण हा कायदा उपचार द्यायला लावतो, फुकट द्यायला लावत नाही. बिल मागाहून पोस्टाने येतंच. शिवाय तो इमर्जन्सीपुरताच आहे. सवडीने करायच्या ऑपरेशनला तेच हॉस्पिटल आगाऊ रक्कम मागू शकतं, आणि मागतं.

आता ते 4,200 चे 2,100 कसे झाले? तिथल्या प्रत्येक हॉस्पिटलची एक लांबलचक दरसूची असते, तिला ‘चार्जमास्टर’ म्हणतात. सलाईनच्या बाटलीपासून एमआरआयपर्यंत हजारो नोंदी आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. लॉजच्या खोलीत दाराआड दरपत्रक टांगलेलं असतं ना, तशी ही दरसूची. तो दर सहसा कोणी भरत नाही. विमा कंपन्या हॉस्पिटलशी वाटाघाटी करतात आणि पुष्कळदा ‘सूचीच्या इतके टक्के कमी’ अशा भाषेत करार करतात. सूट सूचीवर मिळणार, म्हणून सूची फुगवलेली. मेडिकेअर तर सूचीकडे पाहतही नाही, ती आपला दर स्वतः ठरवते. उरला तो विमा नसलेला माणूस. त्याच्या वतीने कोणी वाटाघाट केलेली नसते, म्हणून पहिलं बिल त्याला फुगवलेल्या सूचीनेच जातं. त्याने फोन केला की ‘सेल्फ-पे’ सूट लावतात. शेजाऱ्यांच्या सूनबाईंनी तो फोन केला, हे शहाणपणाचं झालं. न करणारे पूर्ण 4,200 भरून मोकळे होतात.

आता गंमत पाहा. 1 जानेवारी 2021 पासून तिथल्या हॉस्पिटलांना आपले दर वेबसाइटवर जाहीर करावे लागतात. सूचीतला दर, वेगवेगळ्या विमा कंपन्यांशी ठरलेले दर आणि रोखीने भरणाऱ्याचा दर, असं सगळंच. या याद्या उघड झाल्यावर अभ्यासकांना दिसलं की अनेक ठिकाणी रोखीचा दर विमा कंपनीने घासाघीस करून ठरवलेल्या दरापेक्षाही कमी आहे. म्हणजे लाखो ग्राहकांच्या जिवावर वाटाघाट करणाऱ्या कंपनीपेक्षा एकट्या माणसाला स्वस्त! कारण अगदी व्यवहारी आहे. विम्याचा दावा म्हणजे कोड भरणारी माणसं, मंजुरीचे फोन, नाकारलेला दावा पुन्हा पाठवणं आणि महिनोन्‌महिने पैशांची वाट पाहणं. रोख देणाऱ्याच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. ओक्लाहोमा शहरातल्या एका सर्जरी सेंटरने तर फार आधीच प्रत्येक ऑपरेशनची एकरकमी किंमत, सर्जन आणि भूलतज्ज्ञ धरून, वेबसाइटवर टाकली होती.

जाता जाता : मुलगी मेरीलँडमध्ये असती तर तुमचा प्रश्नच उद्भवला नसता. तिथे 1970च्या दशकापासून हॉस्पिटलांचे दर राज्याचा एक आयोग ठरवतो. विमा असो, नसो, एका हॉस्पिटलातला दर सगळ्यांना जवळपास सारखाच. बाकीच्या अमेरिकेने हा धडा का घेतला नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. त्यात चार ओळी आहेत. पहिल्या ओळीत 99284 हा कोड आणि पुढे 1,980 डॉलर. इमर्जन्सीत पेशंट आला की प्रकरण किती गुंतागुंतीचं, त्यावरून 99281 ते 99285 अशा पाच पायऱ्या असतात. तुमच्या शेजाऱ्यांना चौथ्या पायरीवर बसवलं आहे. दुसरी ओळ 10060, म्हणजे साधं गळू फाडणं, 1,240 डॉलर. मग रक्त आणि पू तपासणीचे 390, सलाईन आणि शिरेतून दिलेल्या प्रतिजैविकाचे 590. ज्यासाठी गेले त्या गळवापेक्षा दाराच्या आत पाऊल टाकल्याचे पैसे जास्त!

चौथी पायरी योग्य होती का? ताप होता, शिरेतून औषध दिलं, तेव्हा कदाचित होती. पण विचारता आलं असतं. तपशीलवार बिल, म्हणजे ‘आयटमाइज्ड बिल’, मागायचं आणि पायरी का लावली ते विचारायचं, हे तिथे अजिबात उद्धटपणाचं मानत नाहीत. पेशंटला न दिलेलं औषध बिलात असणं किंवा एकच तपासणी दोनदा लागणं हेही असं मागितल्यावरच सापडतं.

फोटोत जे नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. हे बिल फक्त हॉस्पिटलचं आहे. ज्या डॉक्टरने गळू फाडलं त्याचं नाव त्यात नाही, कारण तिथे इमर्जन्सीतले डॉक्टर बहुधा हॉस्पिटलचे पगारी नोकर नसतात. त्यांची कंपनी निराळी. तिचं बिल निराळ्या लिफाफ्यात येतं आणि त्यातही तेच दोन कोड असतात. एक जागेचे आणि यंत्रणेचे पैसे, दुसरे हाताचे. दोन्ही कायदेशीर. पॅथॉलॉजीचं तिसरं बिल निघू शकतं. ऑपरेशन थिएटरपर्यंत गोष्ट गेली की भूलतज्ज्ञाचं चौथं. तेव्हा शेजाऱ्यांना एकदा प्रेमाने विचारा की मुलाने नंतर आणखी काही भरलं का. बापाला न सांगता मुलं भरतात.

हेच गळू दोन दिवस आधी, दिवसाउजेडी, ‘अर्जंट केअर’ नावाच्या दवाखान्यात नेलं असतं तर काम काही शे डॉलरमध्ये झालं असतं. हे दवाखाने चौकाचौकांत असतात, टाके घालणं, गळू फाडणं, मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे असली कामं करतात. इमर्जन्सीच्या मानाने बिल फारच कमी. ते आधी पैसे किंवा विमा मागतात आणि रात्री उशिरा बंद असतात. दुखणं सुरू झाल्यावर मुलीला त्रास नको म्हणून अंगावर काढायचं आणि मध्यरात्री इमर्जन्सीत जायचं, हा आपल्या पालक मंडळींचा नेहमीचा आणि सर्वांत महाग प्रकार आहे.

बरं, शेजाऱ्यांकडे चांगली पॉलिसी असती तर? समजा, 250 डॉलर डिडक्टिबल, म्हणजे तेवढे आधी आपल्या खिशातून, आणि उरलेल्यातले 20 टक्के आपले, 80 टक्के कंपनीचे. समजा, नेटवर्कमधल्या हॉस्पिटलचा ठरलेला दर 1,800. तर 250 आणि उरलेल्या 1,550 चे 20 टक्के, म्हणजे 310; एकूण 560 डॉलर. 2,100 पुढे 560 स्वस्तच. पण तुमच्या वयाला सहा महिन्यांचा हप्ता त्यात मिळवला की तो फायदा बराचसा पुसला जातो. तेव्हा गळवापुरतं बोलायचं तर शेजारी फारसे तोट्यात गेले नाहीत, हे मान्य करायला हवं.

मात्र विमा गळवासाठी काढायचाच नसतो. त्याच रात्री गळवाऐवजी अपेंडिक्स निघालं असतं तर? दुर्बिणीने करायचं ऑपरेशन, एक-दोन रात्रींचा मुक्काम, सीटी स्कॅन, भूल. अशा प्रकरणाचं बिल पाच आकडी डॉलरमध्ये जाणं तिथे नवलाचं नाही, आणि त्याच्यावर 50 टक्के सूट मिळाली तरी उरलेला अर्धा भाग नाशिकमधल्या निवृत्त माणसाला झेपत नाही. सूट टक्क्यांत मिळते; भरायचे असतात ते डॉलर. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विम्याची सक्ती नाही, म्हणून लोक हा जुगार खेळतात. बहुतेक जिंकतात, आणि जिंकलेलेच सोसायटीत गोष्टी सांगतात.

पॉलिसी घेताना एका ठिकाणी फसगत होते. दोन जाती आहेत. एक ‘फिक्स्ड बेनिफिट’ : इमर्जन्सी भेटीचे इतके, सर्जनचे इतके, दिवसाच्या मुक्कामाचे इतके, असे ठरलेले आकडे. बिल कितीही येवो, कंपनी तेवढेच देणार. हप्ता कमी, म्हणून एजंट आधी हीच दाखवतो. पॉलिसीच्या कपाळावर 50,000 किंवा 1,00,000 डॉलर लिहिलेलं असतं, पण आतल्या तक्त्यात सर्जनच्या ओळीपुढचा आकडा पाहिला की डोळे उघडतात. दुसरी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ : डिडक्टिबलनंतर बिलाचा ठरावीक टक्के भाग आणि पुढे मर्यादेपर्यंत सगळं. जायचं अमेरिकेत तर दुसरीच घ्या, मग डिडक्टिबल थोडं जास्त ठेवून हप्ता कमी करा. भारतातून निघताना मिळणाऱ्या ओव्हरसीज मेडिक्लेमच्या पॉलिसीतही ज्येष्ठांसाठी अशाच पोटमर्यादा असू शकतात. तो तक्ता वाचल्याशिवाय चेक फाडू नका. तुमची इथली नेहमीची मेडिक्लेम मात्र, परदेशाचा खास समावेश नसेल तर, विमानात बसताच निरुपयोगी.

यातली कुठलीही पॉलिसी घेतलीत तरी तुमच्या हर्नियाचं ऑपरेशन ती देणार नाही. तो आधीपासूनचा आजार आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेला आहे. काही पॉलिसींत ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’चं कलम असतं : जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उफाळला आणि चोवीस तासांच्या आसपास उपचार घेतले, तर एका मर्यादेपर्यंत पैसे. पण जे ऑपरेशन करून घ्या असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्याला ‘पूर्वसूचना नव्हती’ कसं म्हणणार? कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवेल. हे कलम वय 70 पलीकडे गेलं की आणखी आकसतं, हेही पुढच्या खेपेसाठी लक्षात असू द्या. आणि फॉर्मवर हर्निया लपवायचा विचार मनात असेल तर सोडा. दावा आला की कंपनी जुने कागद मागवते, आणि मग हर्नियाशी संबंध नसलेला दावाही अडकतो.

रोखीने करायचं म्हणाल, तर रस्ता आहे. ठरवून केलेल्या उपचारासाठी, विमा नसलेल्या पेशंटला आधी लेखी अंदाजपत्रक द्यावंच लागतं. 2022 पासून तसा केंद्रीय कायदा आहे. त्याला ‘गुड फेथ एस्टिमेट’ म्हणतात. त्यापेक्षा बिल 400 डॉलर किंवा जास्त फुगलं तर बिलाच्या तारखेपासून 120 दिवसांत तक्रार करता येते. दिवसभरात घरी सोडणाऱ्या सर्जरी सेंटरचा दर हॉस्पिटलपेक्षा बहुधा कमी असतो. हे सगळं जमवलंत तरी नाशिकच्या चांगल्या सर्जनच्या बिलाच्या कित्येक पट पैसे जातील. तुमच्या इथल्या मेडिक्लेमला दोन वर्षं उलटून गेली असतील तर हर्नियाचा प्रतीक्षाकाळ बहुधा संपला असेल. मोतीबिंदू, मूळव्याध, हर्निया हे सगळे त्याच यादीत असतात. म्हणजे नाशिकमध्ये कॅशलेस होऊ शकणारं ऑपरेशन तुम्ही न्यू जर्सीत डॉलर मोजून करायला निघाला आहात. मुलीचा सहवास हवा असेल तर तिला इकडे बोलवा, ते स्वस्त पडेल.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी नीट सांगायला हव्यात. तिच्या कंपनीच्या विम्यात आईवडील सहसा बसत नाहीत, आणि काउंटरवर तिचं कार्ड पुढे करणं हा सरळ गुन्हा आहे. दुसरी गोष्ट सहीची. इमर्जन्सीत घाईघाईत टॅबलेटवर चार-पाच फॉर्म येतात. त्यात ‘गॅरंटर’ किंवा ‘रिस्पॉन्सिबल पार्टी’ असा एक रकाना असतो. तिथे मुलीने सही केली की बिलाची जबाबदारी तिच्यावर येते, आणि वसुलीवाले तिला फोन करतात. उपचाराला संमती देणारी सही वेगळी, पैशाची वेगळी. शुद्धीवर असलेल्या पेशंटने आपली सही आपणच करावी.

बिल भरणं खरोखरच अशक्य झालं तर काय? नफा न कमावणाऱ्या हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं आणि पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज स्वीकारावा लागतो. परदेशी पाहुणा त्यात बसतो की नाही, हे त्या हॉस्पिटलच्या धोरणावर. न्यू जर्सी राज्याची स्वतःची ‘चॅरिटी केअर’ योजनाही आहे, पण तिला मालमत्तेची अट आहे : एकट्याला 7,500 डॉलर, कुटुंबाला 15,000. राहतं घर त्यात धरत नाहीत, पण तुमच्या एफडी धरतील. शिवाय ती हॉस्पिटलचं बिल पाहते, डॉक्टरांच्या वेगळ्या बिलांना हात लावत नाही. त्या भरवशावर विमान पकडू नये.

इतर देशांत हिशेब वेगळा आहे. ब्रिटनमध्ये अपघात विभागातले उपचार फुकट, पण पेशंट म्हणून दाखल झालात की पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं, आणि 500 पौंडांच्या वरचं थकवलंत तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोंचा विमा दाखवावाच लागतो. कॅनडाच्या पालकांसाठीच्या सुपर व्हिसाला 1,00,000 कॅनेडियन डॉलरचा. तिथे निर्णय सरकारने घेऊन टाकला आहे. अमेरिकेत तो तुमच्यावर सोडला आहे.

एक सावधगिरी मात्र आजपासूनच. हर्नियाचा फुगवटा आत जाईनासा झाला, कडक होऊन दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. मग नाशिक असो की न्यू जर्सी, विमा, दर, अंदाजपत्रक काहीही न पाहता थेट इमर्जन्सी गाठायची.

तसं काही होऊ द्यायचं नसेल तर ऑपरेशन निघण्याआधीच करून घ्या. त्यानंतर काही आठवडे जड उचलायला मनाई असते, आणि अमेरिकेला जाताना आपण 23-23 किलोच्या बॅगा पापड-लोणच्यांनी भरून नेतो. तेव्हा तिकिटाची तारीख आधी सर्जनना विचारा, मगच काढा.